दारावर जमा केलेला चाकू

१

बाबा नाशपाती सोलायचे तेव्हा साल कधी मधे तुटू द्यायचे नाहीत. त्या संध्याकाळीही तुटली नाही. एकच लांब पट्टी ताटलीत वेटोळं करून पडली. मग त्यांनी पात्याची पाठ मांडीवर दाबून चाकू एका हाताने मिटवला. खट्. आमच्या घरात तो आवाज घड्याळासारखाच होता. कुणाच्या कानावर पडायचा नाही.

सुट्टीचा दिवस होता आणि सगळे जमलो होतो. बाहेर गारठा होता म्हणून दाराजवळच्या खुंट्यांवर कोट एकावर एक चढले होते.

"उद्या सुनावणीला हाही येणार का?" काकांनी चाकूकडे हनुवटी केली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बागेसमोर त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. हा चाकू तिथूनच नुकता घेतलेला, कारण जुन्याचं पातं धार लावून लावून सुतळीएवढं उरलं होतं.

"जिथे मी तिथे हा," बाबा म्हणाले.

"म्हणजे साक्ष पटली नाही की लगेच..." काकांनी स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"भावोजी, तुमच्या जिभेला हाड म्हणून नाही," आई म्हणाली.

बाबांनी आयुष्यभर शहराच्या बागेत कलमं बांधली. बागेच्या मागच्या अंगाला नाशपातीची जुनी झाडं आहेत. शहरभर ज्या नाशपाती आहेत त्या त्यांच्याच फांद्यांवरून आलेल्या. तिथे आता वाहनतळ करायचं घाटत होतं. झाडं रोगट आहेत असं बागेच्या मुकादमाने लिहून दिलं होतं. हा मुकादम बाबांचा सगळ्यांत लाडका शिष्य. झाडं ठणठणीत आहेत, हे दुसऱ्या दिवशी सुनावणीत बाबा सांगणार होते.

"चेष्टा सोड," बाबा काकांना म्हणाले. "कायद्याचे तीन प्रश्न. नवीन माळ्याला मी खुरपं देण्याआधी हे प्रश्न द्यायचो. पहिला, पातं दुमडतं का? दुसरा, उघडल्यावर अडकतं का, म्हणजे खटका दाबल्याशिवाय मिटत नाही असं आहे का? दुमडतं, अडकत नाही आणि चार बोटांहून लहान आहे, तर कोण्या शिपायाची हिंमत नाही विचारायची. अडकणारं असेल तर कामाचं कारण दाखवावं लागतं. नाहीतर दंड, आणि चाकू जप्त."

दादाचा फोन वाजला. तो उठून बाहेरच्या बोळकांडीत गेला. बाबांचं पुराण लागलं की दादाचा फोन नेहमीच वाजायचा.

"आणि तिसरा," बाबा उरलेल्यांना म्हणाले, "कुठे चाललाय? अडकणारं पातं सरकारी इमारतीच्या उंबरठ्याच्या आत सापडलं तर दंड नाही, कारण नाही, काही नाही. दंडाधिकाऱ्यापुढे उभं करेपर्यंत थेट कोठडी. माझा अडकत नाही. दारावर जमा करायचा, येताना परत घ्यायचा."

"झालं पुराण?" आईने ताटली उचलली.

तेवढ्यात मुकादम आला. कोटांच्या खुंट्यांपाशीच उभा राहिला.

"गुरुजी, उद्या नका येऊ."

"झाडं आजारी आहेत?"

मुकादम जमिनीकडे बघत राहिला.

"ये, बस. नाशपाती खा. त्याच झाडाची आहे," बाबा म्हणाले. "पोटात दुखलं तर तसं लिहून दे."

काका मोठ्याने हसले. मुकादम आल्या पावली गेला.

सकाळी बाबांनी कोट चढवला, आतल्या खिशातून चाकू काढला, पातं नेहमीसारखं अर्धंच उघडलं आणि अंगठा धारेवरून आडवा फिरवला. "छान आहे," ते म्हणाले. पातं त्यांनी सोडून दिलं, ते आपोआप मिटलं, आणि बाबा गेले.

सुनावणीच्या इमारतीच्या दारात त्यांनी चाकू स्वतःहून टेबलावर ठेवला. पहारेकऱ्याने तो उघडला. पातं पूर्ण उघडून अडकलं. बाबा म्हणाले, "हा माझा नाही." त्यांना कोठडीत बसवलं. दंडाधिकारी दुसऱ्या दिवशी येणार होते. बाबा तोवर थांबले नाहीत. बाकावर बसल्या बसल्याच त्यांचं हृदय बंद पडलं.

शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा आईने त्याला विचारलं, "चाकू कुणाचा होता म्हणालात?"

२

पोलिसांच्या अहवालात एक ओळ होती: इसम शस्त्र बाळगून सुनावणीस आला. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, पण ओळ राहते. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी पुढच्या आठवड्यात बंद होणार होती. एकदा बंद झाली की बाबांबद्दल शेवटचा शब्द तो, आणि झाडांबद्दलचा त्यांचा आक्षेपही त्याच ओळीखाली गाडला जाणार.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त सरकारी वकीलबाई राहतात. त्यांचं तोंड इतकं वाईट की दूधवाला बाटल्या फाटकातच ठेवून पळतो. मी त्यांच्याकडे गेले.

"रडायचं असेल तर आत्ता रडून घे," त्या म्हणाल्या. "एकदा बोलायला लागले की मी थांबत नाही."

"मी रडत नाहीये."

"दिसतंय. याच कलमाखाली मी किती जणांना आत पाठवलं माहितीये? सगळे हेच म्हणतात. हा माझा नाही. कुणाच्या तरी कोटाची चूक झाली. एक तर म्हणाला, बायकोने भाजी चिरायला दिला होता आणि परत घ्यायला विसरली."

"बाबा खोटं बोलत नव्हते."

"सगळ्यांच्या मुलीही हेच म्हणतात." त्यांनी चष्मा पुसला. "तुझ्या बाबांनी माझ्या अंगणातल्या लिंबाला कलम बांधलं होतं. बांधता बांधता मला कायदा शिकवत होते. मला! मी त्यांना हाकलून दिलं. लिंब मात्र जगलं." त्या उठल्या आणि शाल ओढून घेतली. "चल. आयुष्यात एकदा तरी 'हा माझा नाही' म्हणणाऱ्याचा चाकू उघडून बघू."

इमारतीच्या दारावरचा पहारेकरी बाईंना बघून ताडकन उभा राहिला.

"रोज किती चाकू जमा होतात रे?"

"पुष्कळ, बाई. माळी येतात, सुतार येतात, विजेची कामं करणारे येतात."

"सगळे उघडून बघतोस?"

"छे! मग घरी कधी जायचं? चिठ्ठी बांधायची आणि पेटीत टाकायचं."

"मग हिच्या बाबांचाच का उघडलास?"

त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. "फोन आला होता. सकाळीच. पुरुषाचा आवाज. तोंडावर काहीतरी धरून बोलत होता. म्हणाला, एक म्हातारा येईल, त्याचा चाकू अडकणारा आहे, उघडून बघा."

"आणखी?"

"आणखी एक विचारलं. किती वेळ बसवून ठेवाल म्हणाला."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, ते साहेब ठरवतील. त्याने फोन ठेवला."

आम्ही पायऱ्या उतरलो. वकीलबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"तुझे बाबा सकाळी चाकू पूर्ण उघडायचे?"

"नाही. अर्धाच. अंगठ्याने धार बघायचे आणि सोडून द्यायचे."

"अर्धं उघडलेलं पातं अडकत नाही. म्हणजे दारात पोचेपर्यंत तो चाकू अडकतो हे तुझ्या बाबांना माहीत नव्हतं." त्यांनी माझा दंड धरला, चांगला दुखेल इतका. "ज्याच्या खिशात चाकू, त्याला माहीत नाही. आणि फोनवरच्या माणसाला माहीत आहे."

३

ठाण्यातला फौजदार वकीलबाईंच्या धाकाखाली रडत रडत काम शिकला होता, असं त्यांनीच त्याच्या देखत सांगितलं. त्याने मुकाट्याने पाकीट फोडलं.

चाकू तसाच होता. तीच लाकडी मूठ, तीच पितळेची टोकं. फरक एवढाच की पाठीच्या पट्टीत नखाएवढी खाच होती. ती दाबल्याशिवाय उघडलेलं पातं मिटत नाही.

"कारखाना दोन्ही प्रकार बनवतो," फौजदार म्हणाला. "मिटलेला असला की चटकन ओळखू येत नाही. तुमच्या काकांच्या दुकानातही दोन्ही आहेत."

मी पातं उजेडात धरलं. मग उलटवलं आणि पुन्हा धरलं.

"काय?" वकीलबाईंनी विचारलं.

कारखान्यातून आलेल्या चाकूला दोन्ही बाजूंनी धार असते. कलम बांधणारा माणूस ती पहिल्या दिवशी मोडतो आणि एकाच बाजूला धार ठेवतो. दुसरी बाजू आरशासारखी सपाट करतो, म्हणजे फांदीचा काप सरळ जातो आणि दोन जखमा एकमेकींना चिकटतात. या पात्याला धार एकाच बाजूला होती. दुसरी बाजू इतकी सपाट, की तिच्यात मला माझा डोळा दिसला.

"ही कलमाची धार आहे," मी शेवटी म्हटलं. "बाजारात अशी मिळत नाही."

फौजदार हळूच म्हणाला, "म्हणजे चाकू त्यांचाच, ताई."

तो दयेने म्हणाला. दया इतकी दुखते हे मला माहीत नव्हतं. बाबांनीच अडकणारा चाकू आणला, स्वतः धार लावली, विसरले, आणि शेवटचं वाक्य खोटं बोलले. त्यांचं वय झालं होतं. असं होतं माणसाचं. मी खुर्ची शोधायला लागले.

"बसू नकोस," वकीलबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी चाकूने शेवटचं काय कापलं?"

"नाशपाती."

"नंतर धुतला?"

"बाबा चाकू धुवायचे नाहीत. सांध्यात पाणी राहून गंज चढतो. कोटाच्या बाहीला पुसायचे."

"मग सांध्यात बघ."

मी पातं मिटवलं, उघडलं आणि सांध्यात डोकावले. ज्याने झाडं आणि फळं कापली जातात त्या चाकूच्या सांध्यात चीक साठतो आणि काळा पडतो. नाशपातीचा रस तर दुसऱ्याच दिवशी काळा दिसतो. या सांध्यात काहीच नव्हतं. नव्या यंत्राचं पिवळं तेल तेवढं होतं, स्वच्छ.

"या चाकूने आजवर काहीही कापलेलं नाही," मी म्हटलं.

"धार उस्तादाची, आणि चाकू कोरा," वकीलबाईंनी फौजदाराकडे बघितलं. "कलम बांधता येणारा दुसरा माणूस शोधा म्हणजे झालं. तुमच्या शहरात असे किती आहेत?"

फौजदाराला उत्तर ठाऊक होतं आणि मलाही. बागेत एकच होता.

४

मी लगेच मुकादमाकडे निघाले होते. वकीलबाईंनी मला कॉलरला धरून मागे ओढलं.

"घाई केलीस की चोर पळतो आणि साव सापडतो. आधी दुसरे दोघे. त्या संध्याकाळी कोटांपाशी तीन पुरुष होते, तूच म्हणालीस."

काकांच्या दुकानात गल्ल्यामागे भिंतभर कुलपं टांगलेली आहेत आणि त्यांच्या मधोमध एक पाटी: अडकणारा चाकू घेताना नियम विचारून घ्या.

"मला काय विचारायचं ते विचारा," काका म्हणाले. डोळे सुजलेले होते, पण जीभ शाबूत. "वाहनतळ झाला तर माझं दुकान चालेल, हे मी भावाच्या तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, तुझ्या दुकानापेक्षा तुझ्या डोक्याला कलम बांधायला हवं. आमचं भांडण असंच होतं. उघड्यावर."

"अडकणारा चाकू विकताना तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता?" बाईंनी विचारलं.

"रस्त्यावर दंड, सरकारी दारात कोठडी. हे सांगितलं नाही तर माझा परवाना जाईल. झोपेतसुद्धा सांगेन." ते माझ्याकडे वळले. "पोरी, मी त्याच्या खिशात दगड टाकला असता एखादा, चेष्टेने. चाकू नाही."

"घरातल्या कुणी हल्ली तुमच्याकडून असा चाकू घेतला?"

"घरातल्या कुणाला मी विकलाच नसता."

दादा आम्हाला त्याच्या कचेरीच्या जिन्यात भेटला. तो शहराच्या बांधकाम खात्यात आहे. दाढी वाढली होती. वकीलबाईंना बघून तो चिडला.

"आता यांना कशाला मधे घेतलंस? बाबा परत येणारेत का?"

"येणार नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "तुमचं काय म्हणणं आहे? पोलिसांचं चुकलं?"

"चुकलं? खून आहे हा!" तो इतक्या जोरात ओरडला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. "अडकणारा चाकू सापडला तर दंड आहे. दंड! कायद्यात आहे. घ्यायचा चाकू काढून, पावती फाडायची, घरी सोडायचं. एका म्हाताऱ्याला कोठडीत टाकायचा कुणी अधिकार दिला यांना? मी सोडणार नाही त्यांना."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या दिवसांत घरातला कुणीतरी माझ्याइतकाच संतापलेला दिसत होता, आणि मला जरा बरं वाटलं.

वकीलबाई जिना उतरायला लागल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "तुझा भाऊ बाबांकडे काम शिकला होता?"

"लहानपणी. पण त्याला कंटाळा यायचा."

"कशाचा कंटाळा?"

"बाबांच्या बोलण्याचा."

"हं," त्या म्हणाल्या. "आता चल तुझ्या मुकादमाकडे. आणि तोंड बंद ठेव. तुला जे वाटतंय ते त्याने केलेलं नाही. त्याने जे केलंय ते त्याला स्वतःला त्याहून जड जाणार आहे."

५

मुकादम बागेतल्या अवजारांच्या खोलीत सहाणेवर चाकू घासत होता. मला बघताच उठला आणि दोन्ही हात पुसत राहिला.

"ताई, मी घरी आलो होतो. तुम्ही दार लावलंत."

"हो," मी म्हटलं.

वकीलबाई उलट्या टोपलीवर बसल्या. "गुरुजींना भेट दिलीत का हो हल्ली काही?"

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता नाही म्हणेल.

"मी नाही. मी फक्त धार लावली." तो माझ्याकडे बघत होता, बाईंकडे नाही. "तुमचे दादा घेऊन आले होते. म्हणाले, बाबांची बोटं हल्ली थरथरतात, न अडकणारं पातं कधीतरी बोटावर मिटेल, म्हणून अडकणारा आणलाय. घरात वापरायला. म्हणाले, तुझ्या हाताची धार लाव. दुसऱ्या कुणाची लावली तर ते अंगठ्याने ओळखतील आणि हातात धरणार नाहीत. आणि सांगू नकोस म्हणाले, अचानक द्यायचाय."

मला सहाणेवरून पाणी ठिबकताना ऐकू येत होतं.

"मी त्यांना म्हटलं, हा घेऊन गुरुजींनी बाहेर पडायचं नाही. ते म्हणाले, माहितीये मला, शिकवू नकोस. गुरुजी माझ्याशी बोलत नव्हते, झाडांचं लिहून दिल्यापासून. म्हटलं, एवढं तरी हातून होऊ दे. दुपारभर घासला. अशी धार मी जन्मात लावली नव्हती."

"आणि गुरुजी गेल्यावर?" बाईंनी विचारलं. "तेव्हा तोंड का नाही उघडलंत?"

"मला वाटलं, गुरुजींनी धार ओळखली." त्याचा आवाज फाटला. "ओळखली, आणि मला माफ केलं, आणि म्हणून तोच बरोबर नेला. मला वाटलं, माझ्यावरच्या मायेने गेले ते. हे कुणाला सांगू?"

"छान आहे, म्हणाले होते," मी म्हटलं.

"कोण?"

"बाबा. सकाळी अंगठा फिरवून."

हे त्याला सांगणं चांगलं की वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. त्याची धार थोडी जरी उतरली असती, तर बाबांनी पातं पूर्ण उघडून बघितलं असतं.

बाहेर आल्यावर वकीलबाई नाशपातीच्या झाडांमधून सावकाश चालत होत्या.

"फोनचं ऐकलं तेव्हाच कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "किती वेळ बसवून ठेवाल. हा प्रश्न ज्याला कायदा येतो तो विचारत नाही. मुकादमाला तिन्ही प्रश्न तोंडपाठ. तुझा काका ते झोपेतसुद्धा सांगेल. सरकारी दारात अडकणारं पातं म्हणजे कोठडी, हे दोघांनाही माहीत. फोन करणाऱ्याला वाटत होतं की थोडा वेळ बसवतील, पावती फाडतील आणि सोडतील. तोपर्यंत सुनावणी संपलेली असेल."

"दंड आहे, कायद्यात आहे," मी म्हटलं. दादाचा आवाज माझ्याच तोंडातून आला.

"त्या संध्याकाळी तिसऱ्या प्रश्नाला तुमच्या घरात कोण हजर नव्हतं?"

जिन्यात दादाच्या पाठीवर ठेवलेला हात मी कोटाला पुसला.

६

दादाने नाकारलं नाही. तो घरी आईच्या शेजारी बसला होता. मी मुकादमाचं नाव काढलं, आणि तो जो कोसळला तो सगळं सांगूनच थांबला.

"साहेब म्हणाले, वडिलांना आवरा नाहीतर बढती विसरा. मी बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? सांग ना! कधी कुणाचं ऐकलं त्यांनी? फक्त सकाळची सुनावणी चुकवायची होती. दंड मी भरला असता. मीच जाऊन सोडवून आणणार होतो. तिथे गेलो तर म्हणाले, दंडाधिकारी आल्याशिवाय सोडता येत नाही. मी म्हटलं, असा कायदाच नाही. ते हसले माझ्यावर."

"बाबांचा चाकू कुठाय?"

"त्या रात्री कोटातून काढून कालव्यात टाकला."

आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाबा गेल्यापासून तिला मी पहिल्यांदा रडताना बघितलं. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

वकीलबाईंनी चौकशीच्या आदल्या दिवशी मला स्पष्ट सांगितलं. "खरा चाकू गाळात गेला. मुकादम साक्ष देईल, पण त्याने झाडांबद्दल खोटं लिहून दिलंय, त्याला पाच मिनिटांत सोलून काढतील. मी असते तर तीनच लागली असती. भाऊ घरात तुम्हा दोघींपुढे बोलला ते वकील लावला की फिरवेल. आदल्या संध्याकाळी बाबांनी चाकू मांडीवर दाबून मिटवला, म्हणजे तो अडकणारा नव्हता, हे डोळ्यांनी बघितलेली माणसं कोण? काकाचं लक्ष स्वतःच्या विनोदात. उरलात तू आणि तुझी आई."

"आई बोलणार नाही."

"मग तू. बोललीस तर बाबांवरची ओळ पुसली जाईल. आणि भाऊ आत जाईल, वर्षानुवर्षं. दोन्ही एकदम वाचतील असा रस्ता मी शोधला. नाहीये. शोधल्याचं सांगितलं ते तुला बरं वाटावं म्हणून नाही."

चौकशीच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. आई माझ्याआधीच येऊन बसली होती. तिने केस नीट विंचरले होते. पलीकडच्या टोकाला दादा भिंतीला डोकं टेकून उभा होता. मुकादम त्याच्यापासून दूर, खिडकीपाशी.

"ये, बस," आई म्हणाली. मी बसले.

"गेलेला माणूस गेला," ती म्हणाली. आवाज शांत होता, किराणा सांगताना असतो तसा. "त्याला आता ओळीने काय फरक पडतो? कोण वाचणार आहे? आत जाऊन एवढंच सांग, की तुला आठवत नाही. खोटं बोल असं मी म्हणत नाही. आठवत नाही म्हण."

"मला आठवतंय, आई."

"तुझ्या भावाने मुद्दाम नाही केलं. चूक झाली पोराच्या हातून."

"बाबा म्हणाले, हा माझा नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. त्या बाकावर रात्रभर ते एकटेच खरे होते."

"आणि हा आत गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून जगायचं? तू तुझ्या घरी जाशील. पुस्तकं वाचशील. मी कुठे जाऊ?" तिने माझा हात घट्ट धरला. तिची बोटं गार होती. "तू नेहमी समजूतदार. तुला कधी काही सांगावं लागलं नाही. तो तसाच, हट्टी, म्हणून मी त्याच्याकडे जास्त बघितलं, ते का मला कळत नाही? पण आज आईचं ऐक."

दार उघडलं. कारकुनाने बाहेर डोकं काढलं. "मयताच्या बाजूने कोण आहे?"

दादाने डोकं भिंतीवरून उचललं. खिडकीपाशी मुकादम सरळ उभा राहिला.

"मयताच्या बाजूने कुणी नाही का?" कारकुनाने पुन्हा विचारलं.

"मी आहे," मी म्हटलं आणि उठले. आईने हात सोडला नाही.

"एक सांग," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि बोळात घुमत होता. "तुला आम्ही कुणीच नाही का? मी कुणी नाही? सख्खा भाऊ कुणी नाही? मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसं अशी टाकतं का कुणी?"

मी तिची बोटं एकेक करून सोडवली. मग वाकून तिच्या चेहऱ्यासमोर चेहरा नेला, कारण हे मला एकदाच म्हणायचं होतं आणि ते तिला नीट ऐकू जायला हवं होतं.

"मला बाबा सगळ्यांत जास्त आवडायचे, आई," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षाही."